टोळी निघायच्या आत

वाशी तालुक्यातल्या गावकऱ्यांनो, शिक्षकांनो, सरपंचांनो,

दसरा उरकला की ऊसतोडीच्या मुकादमाची उचल वाटून झालेली असते आणि दिवाळीच्या मागेपुढे ट्रॅक्टर भरायला लागतात. कोयते, तवा, पत्र्याची पेटी, एखादी शेळी आणि या सगळ्यावर बसवलेली पोरं. पारगावजवळ गाडी एकदा महामार्गाला लागली की पुढचे पाच-सहा महिने ते पोर शाळेचं राहत नाही. आई-बाप पहाटे फडात जातात आणि नऊ वर्षांची पोर कोपीवर धाकट्याला कडेवर घेऊन पाणी भरते. म्हणून हे आवाहन आत्ता. फेब्रुवारीत हळहळून काही उपयोग नाही.

आपल्या वाडीतून कोण कोण निघालंय आणि त्यांची कोणती पोरं आजीकडे, चुलत्याकडे राहू शकतात, याची यादी याच आठवड्यात करा. हंगामी वसतिगृहाची सोय सरकारी आहे. शाळा व्यवस्थापन समितीनं वेळेत पाठपुरावा करायचा असतो. जेवणाची सोय शाळेकडून झाली की थकलेल्या आजीलाही नातू सांभाळणं झेपतं. कागद उशिरा हलला, तर मंजुरी येईपर्यंत पोर कारखान्यावर पोचलेलं असतं.

ज्यांचा बाप गेला, किंवा दोघंही गेले, त्यांचं काय? शेतकरी आत्महत्येनं उघडी पडलेली घरं आपल्या जिल्ह्याला नवी नाहीत. अशा मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. मूल नातेवाइकाच्या घरातच वाढतं आणि महिना 2,250 रुपये मिळतात. अनेक आज्यांना हे ठाऊकच नसतं, ठाऊक असलं तर मृत्यूचा दाखला नसतो. गावातल्या एका शिकल्या पोरानं दोन दिवस मोडून तिचे कागद गोळा केले आणि जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज दिला, तर ते कोणत्याही देणगीपेक्षा मोठं काम आहे.

ज्यांना नातंच उरलं नाही, त्यांना घर लागतं. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गजवळ ‘आपलं घर’ उभं केलं. नावातच सगळं आलं. लातूरला बालग्राम आलं. त्याचं मूळ ऑस्ट्रियाच्या डोंगरातलं इम्स्ट गाव. 1949मध्ये हेर्मान ग्माइनर यांनी तिथं महायुद्धात पोरक्या झालेल्या मुलांना एक आई, भावंडं आणि स्वतःचं स्वयंपाकघर दिलं. बालाघाटाच्या आपल्याच रांगेत, बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे यांचं ‘इन्फंट इंडिया’ एचआयव्हीबाधित मुलांचं घर झालं. शिरूर कासार तालुक्यात आर्वीला दीपक आणि कावेरी नागरगोजे यांचं ‘शांतिवन’ ऊसतोड कामगारांची मुलं सांभाळतं.

अशा घरात नवं आलेलं पोर पहिले काही दिवस अर्धी भाकरी उशाखाली लपवतं. उद्याचं जेवण उद्या मिळेल, यावर त्याचा भरवसा नसतो. ओरडून ती सवय जात नाही. तेच माणूस रोज त्याच वेळेला वाढत राहिलं, की एके दिवशी उशाखाली भाकरी सापडत नाही.

म्हणूनच वाढदिवसाचा केक घेऊन एक दिवस जाणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, ते पैसे दर महिन्याला द्या. सुगी झाली की ज्वारीचं, तुरीचं एक पोतं बाजूला काढा. नोकरदारांनो, दहावीच्या मुलांना गणित शिकवायला जा, पण वर्षभर जा. आणि त्या मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका. संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम 74 खाली गुन्हा आहे. मदत करताना संस्थेची नोंदणी तपासा. चांगली संस्था विचारल्यावर रागावत नाही.

एकटं, सोडून दिलेलं, मार खाणारं मूल दिसलं तर परस्पर कुणाच्या हवाली करू नका, स्वतःच्या घरीही ठेवून घेऊ नका. 1098वर फोन करा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो. पुढचा निर्णय बालकल्याण समिती घेते.

ग्रामपंचायतीच्या फळ्यावर हा नंबर आजच लिहा, आणि यादीला रविवारी बसा. ट्रॅक्टर कुणाची वाट बघत नाहीत.