बेरीज १०० झाल्याशिवाय सेव्ह होणार नाही

मार्च-एप्रिल आला की आपल्या कंपन्यांमध्ये एक सण साजरा होतो. 'गोल सेटिंग' त्याचं नाव. एचआरची मेल येते, आपण लिंक उघडतो, आणि आपली वर्षभराची ध्येयं कोणीतरी आधीच लिहून ठेवलेली दिसतात. आपण 'ॲक्सेप्ट' दाबतो, चहा प्यायला जातो आणि पुढच्या मार्चपर्यंत ती विसरतो. मीही दाबतो. फरक इतकाच, की ती लिहून ठेवणाऱ्यांपैकी एक मी आहे.

हो, हाच माझा धंदा. कंपन्यांची एचआर सॉफ्टवेअरं लावून द्यायची, त्यातली 'गोल टेम्प्लेटं' तयार करायची. ज्यांनी हे काम आतून बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेम्प्लेट म्हणजे एक फाइल. ध्येयांचे गट कोणते, प्रत्येक ध्येयाला कोणते रकाने, त्यातले सक्तीचे कोणते (ते लाल चांदणीवाले!), कोणाला नुसतं वाचता येईल आणि कोणाला बदलता येईल, हे सगळं त्यात लिहायचं. प्रत्येक ध्येयाला वजन टक्क्यांत. वजनांची बेरीज बरोबर १०० झाली पाहिजे, नाहीतर लाल अक्षरांत दटावणी येते. ती दटावणीही मीच टाईप केलेली असते.

आता माझं म्हणणं सरळ सांगतो. "टेम्प्लेट म्हणजे काय, नुसता फॉर्म आहे हो" हे वाक्य मी मीटिंगांमध्ये शेकडो वेळा ऐकलंय आणि स्वतः म्हटलंयसुद्धा. ते खोटं आहे. रकाने जो ठरवतो तो काम कशाला म्हणायचं हे ठरवतो. ज्याला रकाना नाही ते काम तुम्ही रात्री दोनला उठून केलं तरी ते झालेलं नसतं.

उगाच म्हणत नाहीये. आधीच्या एका कंपनीत (नाव नको) सपोर्ट टीमचं टेम्प्लेट मी लावलं होतं. बंद केलेली तिकिटं ४० टक्के, पहिल्या उत्तराला लागलेला वेळ ३०, ग्राहकाने दिलेले गुण २०, ट्रेनिंगचे तास १०. बेरीज १००. टीममध्ये एक शांत माणूस होता. एकच तक्रार पाचव्यांदा आली की हा तिच्या मुळाशी जायचा, दोन-दोन दिवस लॉग वाचत बसायचा, आणि मग ती तक्रार परत कधीच यायची नाही. म्हणजे बघा, हा जितकं चांगलं काम करणार तितकी तिकिटं कमी येणार, आणि तितके याचे गुण कमी होणार! शेजारचे हुशार होते. ते एका तिकिटाची तीन करून तिन्ही बंद करत.

एक दिवस तो माझ्या डेस्कपाशी आला. म्हणाला, "अरे, मी जे करतो ते यात कुठं लिहू? नवीन गोल टाकायचं बटणच दिसत नाहीये." दिसणार कसं? ते मीच लपवलं होतं. 'कर्मचारी: फक्त वाचन' असा एक नियम मी त्या फाइलमध्ये लिहिला होता, कारण रिक्वायरमेंटमध्ये तसं होतं. वर्षअखेर त्याला 'सुधारणा आवश्यक' मिळालं, पगारवाढ शून्य. दोन महिन्यांनी तो गेला. मी राजीनामा दिला नाही, कोणाशी भांडलो नाही, मला त्या वर्षी बऱ्यापैकी बोनस मिळाला. असो.

हे सगळं आत्ता वर यायचं कारण म्हणजे महाशिवरात्रीला गावाकडे गेलो होतो. आमचं मूळ चामोर्शीकडचं, गडचिरोली जिल्हा. मूलवरून हरणघाटाचा पूल ओलांडला की आपला मुलूख सुरू होतो. मार्कंड्याची जत्रा लहानपणापासून चुकवलेली नाही. वैनगंगेच्या काठावरचा तो मंदिरांचा समूह ज्यांनी बघितला नसेल त्यांनी एकदा बघाच. अलेक्झांडर कनिंगहॅमसारख्या माणसाने १८७० च्या दशकात येऊन त्याच्यावर लिहून ठेवलंय. आणि तिथली गंमत अशी, की एरवी दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा नेमकी इथे उत्तरेकडे वळते. म्हणून तर ते तीर्थ. आमच्यासारख्या कोणी नदीचं टेम्प्लेट केलं असतं, तर 'दिशा: दक्षिण' हा सक्तीचा रकाना असता आणि मार्कंड्याला तिच्या नावापुढे लाल ठिपका पडला असता.

मार्कंडेयाची गोष्ट तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आयुष्य सोळा वर्षांचं, यम ठरल्या तारखेला हजर. यमाचं काम बघा: ध्येय स्पष्ट, मोजता येण्याजोगं, मुदतीत! तरी पोरगा वाचला, आणि देऊळ यमाचं नाही, त्या पोराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देवाचं झालं. (देवळात उभं राहून हे सुचणं म्हणजे माझ्या नोकरीचा परिणाम, दुसरं काही नाही.)

आमची मामी जवळच्याच एका गावात आशा आहे. जत्रेच्या रात्री तिच्याकडे मुक्काम होता. ती कंदिलाच्या काळापासूनची सवय असल्यासारखी भिंतीला टेकून फॉर्म भरत बसली होती. बाळंतपण झालेल्या घरी करायच्या भेटींचा फॉर्म. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर सहा भेटी: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ वा दिवस. घरीच झालं असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. मी म्हटलं, अरे, हे तर आपलंच टेम्प्लेट!

आणि इथे मला जरा थांबून विचार करावा लागला, कारण हे टेम्प्लेट कुठून आलं ते आमच्या जिल्ह्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत नवजात बाळं कशाने दगावतात याचा आधी अभ्यास केला. मग गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घ्यायला सुरुवात केली. ३९ गावांत हे काम, तुलनेला ४७ गावं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले: तिसऱ्या वर्षापर्यंत, तुलनेच्या गावांच्या हिशेबाने, नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी. पुढे हीच पद्धत देशभर आशांच्या कामात आली.

तेव्हा 'मोजूच नका' असं म्हणायची माझी हिंमत नाही. मोजल्यामुळे बाळं वाचली आहेत, तीही माझ्याच जिल्ह्यात. पण तिथला क्रम बघा. आधी बाळं का मरतात ते शोधलं, मग काय करायचं ते ठरलं, मग त्या कामासाठी रकाने आखले. आकडा होता तो काम सुधारायला. आपण कंपन्यांमध्ये बरोबर उलटं करतो. आधी रकाने आणतो (बहुतेक वेळा सॉफ्टवेअरबरोबर फुकट आलेल्या 'गोल लायब्ररी'तून), मग माणसाला सांगतो, यात बस.

आणि आकडा पैशाला बांधला की काय होतं तेही याच फॉर्ममध्ये दिसतं. २०११ मध्ये हा कार्यक्रम देशभर न्यायचं ठरलं तेव्हा सगळ्या भेटींचे मिळून आशाला २५० रुपये ठरले. ते मिळायच्या अटींमध्ये एक अट होती, बाळ आणि बाळंतीण ४२ व्या दिवसापर्यंत सुखरूप असण्याची. वाचायला किती छान वाटतं! पण कमी वजनाचं, आधीच अर्धमेलं बाळ असलेल्या घरी बाई सगळ्यात जास्त चकरा मारणार, आणि ते गेलं तर त्या अटीप्रमाणे तिच्या चकरा शून्य. ज्याने ती अट लिहिली तो दुष्ट नसणार. तो माझ्यासारखाच असणार, टेबलापाशी बसलेला, रकाना पूर्ण करणारा.

मामीकडे फॉर्मच्या खाली एक शंभर पानी वही होती. कोणत्या घरी सासूला आधी पटवावं लागतं, नाल्यापलीकडच्या घरी पावसात कोणत्या बाजूने जायचं, कोणती पोरगी विचारल्याशिवाय दुखणं सांगत नाही, असलं सगळं त्यात. मी विचारलं, मामी, हे फॉर्ममध्ये का नाही लिहीत?

"फारमात कुठं लिहू बापू? तिथं दिवस आन् वजन येते. हे माह्या वहीत राह्यते."

आमच्या सपोर्टवाल्याचाही प्रश्न हाच होता. त्याच्याकडे फक्त वही नव्हती.

बरं, हे फक्त आशांचं आणि सपोर्टवाल्यांचं नाही. अख्ख्या जिल्ह्यालाही टेम्प्लेट असतं! २०१८ मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. ११२ जिल्हे, ५ क्षेत्रं, ४९ निर्देशांक, आणि कोण किती पुढे सरकलं याची क्रमवारी. गडचिरोली त्यात आहे, आणि वाळवंटातलं जैसलमेरही. वजनं दोघांना सारखीच: आरोग्य-पोषण ३०, शिक्षण ३०, शेती-पाणी २०, उरलेल्या दोन क्षेत्रांना १०-१०. (बेरीज १००. बघा, सेव्ह झालं!) आरोग्य आणि शाळा मोजल्या हे उत्तमच, त्याबद्दल तक्रार नाही. पण आमच्या जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगल आहे. याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, बांबू स्वतः विकायला लागलं, देशभरातून लोक ते बघायला येतात. त्या ४९ मध्ये जंगलाला रकानाच नाही. जिल्ह्याची सगळ्यात मोठी कमाई, आणि मामीच्या वहीत!

आता एचआरवाले मित्र म्हणतील, "मग काय, ज्याला जे वाटेल ते लिहू द्यायचं? मॅनेजर लाडक्यांना वर चढवतील." हा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. सगळ्यांना एकच माप म्हणजे न्याय, असं मलाही वाटायचं. पण आपल्या सरकारी नोकरीतल्या गोपनीय अहवालांचं बघा. नमुना सगळ्यांना एकच होता, तरी अन्याय व्हायचाच, कारण साहेबाने काय लिहिलं ते माणसाला कळायचंच नाही. २००८ मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा त्या माणसाला कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. न्याय तिथून येतो, शेरा दिसण्यातून आणि भांडता येण्यातून. रकाने सारखे असण्यातून नाही.

आणि ज्यांच्या नावाने आपण हे सगळं करतो त्यांनी तरी हे सांगितलं होतं का? पीटर ड्रकरच्या १९५४ च्या पुस्तकात ध्येयांनुसार व्यवस्थापनाचं जे प्रकरण आहे, त्याच्या नावातच 'आत्मनियंत्रण' हा शब्द आहे. मोजमाप ज्याचं त्याच्या हातात असावं, वरून लगाम म्हणून नव्हे, हाच त्याचा मुद्दा. आपण पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा गाळला. ते प्रसिद्ध 'स्मार्ट' सूत्र जॉर्ज डोरन नावाच्या सल्लागाराने १९८१ च्या एका छोट्या लेखात मांडलं. त्याच लेखात तो म्हणतो की प्रत्येक ध्येयाला पाचही निकष लागतीलच असं नाही. आपण पाचही रकान्यांना लाल चांदणी लावली!

याचा शेवट बघायचा असेल तर अमेरिकेतली वेल्स फार्गो बँक बघा. प्रत्येक ग्राहकाला आठ खाती किंवा सेवा विकायचं लक्ष्य होतं. सुस्पष्ट, मोजता येण्याजोगं, डॅशबोर्डवर हिरवंगार. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारताच लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, आणि सुमारे ५३०० लोकांना कामावरून काढल्याचं बाहेर आलं. टेम्प्लेट बनवणाऱ्याचं काय झालं ते कुठे वाचलं नाही. आमच्या जातीच्या माणसांचं सहसा काही होत नाही.

तर मंडळी, नुसतं बोंबलून उपयोग नाही. ज्यांच्याकडे या सॉफ्टवेअरचे ॲडमिन हक्क आहेत त्यांना चार गोष्टी सांगतो. चारही अर्ध्या दिवसात होतात, जास्तीचं लायसन्स लागत नाही.

एक, 'नवीन गोल' हे बटण कर्मचाऱ्याला दाखवा. दोन, निदान एक तृतीयांश वजन त्याने स्वतः लिहिलेल्या ध्येयांसाठी मोकळं ठेवा, आणि त्यात 'मोजमाप' हा रकाना सक्तीचा ठेवू नका. तीन, एप्रिलमध्ये कुलूप लावून मार्चमध्ये उघडू नका. जूनमध्ये प्रोजेक्ट बदललं तर ध्येय जूनमध्येच बदलता आलं पाहिजे, जुनं काय होतं याची नोंद तशीही सिस्टिम ठेवतेच. चार, मॅनेजरचा शेरा अंतिम होण्याआधी कर्मचाऱ्याला दिसू द्या आणि त्याखाली त्याला उत्तर लिहायला जागा द्या, तीही अडीचशे अक्षरांत कोंबायला लावू नका.

आणि ज्यांच्याकडे ॲडमिन हक्क नाहीत त्यांनी? डोळे मिटून 'ॲक्सेप्ट' दाबू नका. वर्षभरात तुम्ही केलेलं सगळ्यात चांगलं काम आठवा आणि ते कोणत्या रकान्यात बसतं ते शोधा. बसत नसेल तर मॅनेजरला मेल टाका, लेखी. मॅनेजर म्हणेल, "अरे, टेम्प्लेटच तसं आहे, मी काय करू?" त्याला सांगा की ते देवाने बनवलेलं नाही. ते बनवणारा तिसऱ्या मजल्यावर बसतो आणि त्याला ते बदलायला वीस मिनिटं लागतात.

मला माहीत आहे, कारण परतल्यावर पहिल्या सोमवारी मी हातातल्या क्लायंटच्या टेस्ट सिस्टिमवर घड्याळ लावून करून बघितलं. बटण दिसायला लागलं. आता उद्या मीटिंगमध्ये ते दाखवायचंय आणि 'हे रिक्वायरमेंटमध्ये नव्हतं' हे वाक्य ऐकून घ्यायचंय. मागच्या वेळी ते मीच म्हटलं होतं.