दहा गुंठे की गावठाण?

अप्रेझल जरा बरं झालं की आमच्या ऑफिसातल्या माणसाला जमीन घ्यावीशी वाटते. मुळशी, भोर, नाहीतर एकदम कोकण. एजंटचा मेसेजही ठरलेला. दहा गुंठे, डोंगराचा व्ह्यू, पुण्याहून दीड तास. (पहाटे चारला निघालात तर दीड तास, बरं का!)

माझं मत विचाराल तर, गावात खरंच राहायचं असेल तर हे दहा गुंठे सोडा आणि गावठाणातलं जुनं घर बघा.

शेतजमिनीचं गणित बहुतेकांना ठाऊकच नसतं. १९४८ च्या कूळकायद्याचं कलम ६३ म्हणतं की शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आजोबांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून माझं नाव लागलंय, त्यामुळे ऑफिसात मी 'शेतकरी'. आयुष्यात कधी नांगर धरलेला नाही! तरी दोघा मित्रांनी विचारलंच, "तुझ्या नावावर घेऊ, पैसे आमचे." याला बेनामी व्यवहार म्हणतात. मी नाही म्हटलं. एकजण अजून घुश्श्यात आहे.

बरं, शेतकरी असलात तरी १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहेच. प्रमाणक्षेत्राहून लहान शेताचा तुकडा वेगळा विकता येत नाही. मग एजंट सामाईक सातबारा काढतो. एका गटावर पंधरा-वीस अनोळखी नावं, आणि कुणाचा तुकडा कुठला हे फक्त फक्कीच्या रेषेला ठाऊक. ती पहिल्या पावसात वाहून जाते.

एनए प्लॉटला ही भानगड नाही, मान्य. पण पाण्याचं काय? सह्याद्रीत चार महिने धो धो पाऊस, पण काळ्या पाषाणात तो फारसा मुरत नाही. एप्रिलमध्ये गावच्या विहिरीने तळ गाठलेला असताना टेकडीवरच्या तुमच्या बोअरला पाणी कुठून येणार? शिवाय पहिलं काम म्हणजे तारेचं कंपाउंड. ज्या वाटेने वर्षानुवर्षं गुरं जात होती ती बंद. आणि मग तक्रार, की गावातली माणसं नीट बोलत नाहीत!

गावठाणात हे सगळं नसतं. तिथलं घर घ्यायला शेतकरी असावं लागत नाही. नळ, वीज, रस्ता जे काही असेल ते आधी तिथवर येतं. आजारी पडलात तर भिंतीपलीकडे कुणीतरी असतं. (ते पगार किती हेही विचारतं. सांगून टाकायचा.)

खरी डोकेदुखी कागदांची. ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवून "हे बघा, घर माझ्या नावावर" असं कुणी म्हणालं तर थांबा. ती घरपट्टीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका देताहेत. ती आहे का ते आधी विचारा. आणि त्यावरच्या सगळ्या वारसांच्या सह्या मिळणार का, हेही.

आमच्या गावी आजोबांच्या शेजारचं घर बारा वर्षं बंद आहे. वासे शाबूत, कौलं गेलेली. वारस सात, त्यातले दोन ठाण्यात, एक दुबईत. जत्रेला मात्र सगळे येतात. यंदा विषय काढणार आहे.