मोकळी जागा म्हणजे शिल्लक जागा नव्हे

गांवाचें शहर झालें म्हणजे पहिल्यानें काय बदलतें? पाटी बदलते, कराची पावती बदलते, आणि मागोमाग जमिनीचा भाव बदलतो. पूर्वीं खानापूर तालुक्यांतील एक गांव, पुढें स्वतंत्र तालुक्याचें ठिकाण आणि आतां नगरपंचायतीचें शहर, अशा पायऱ्या चढलेलें सांगली जिल्ह्यांतील कडेगांव आज या बदलाच्या ऐन मध्यावर उभें आहे. अशा ठिकाणीं कोणी बागेचा, क्रीडांगणाचा किंवा वाचनालयाचा विषय काढला, कीं व्यवहारचतुर मंडळी स्मित करून म्हणतात, “आधीं गटारें, मग गुलाब!” या एका वाक्याशींच आमचें भांडण आहे.

गटारें नकोत असें कोण म्हणतो? परंतु गटार दहा वर्षांनींही बांधतां येतें. गेलेली मोकळी जागा शंभर वर्षांनींही परत मिळत नाहीं. क्रमच लावावयाचा, तर जागा राखणें हें पहिलें काम ठरतें. कायद्यानें मात्र या स्मितहास्यास थोडा आधार दिला आहे खरा. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमांत दिवाबत्ती, गटारें हीं आवश्यक कर्तव्यें, आणि उद्यानें, वाचनालयें हीं ऐच्छिक. जें ऐच्छिक, त्याचा जाब कोणी विचारीत नाहीं. आणि ज्याचा जाब नाहीं, तें होत नाहीं. परंतु 1993 सालीं अंमलांत आलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीनें नगरसंस्थांसाठीं जे अठरा विषय बाराव्या अनुसूचींत घातले, त्यांत उद्यानें, बागा व क्रीडांगणें यांस स्वतंत्र स्थान आहे. तेव्हां बाग ही हौस आहे असें म्हणण्याची सोय आतां उरलेली नाहीं.

नुसता नकाशा रंगवूनही भागत नाहीं. 1966 च्या नगररचना अधिनियमाप्रमाणें विकास आराखड्यांत राखलेली जमीन दहा वर्षांत ताब्यांत घेतली नाहीं, तर मालक नोटीस देऊं शकतो. आणि त्यानंतर ठराविक मुदतींत संपादन न झाल्यास तें आरक्षण रद्द होतें. म्हणजे कागदावर हिरवा रंग भरून स्वस्थ बसणें हाही बाग गमावण्याचाच एक मार्ग होय.

कडेगांवकरांस मोकळ्या जागेची महती बाहेरच्यांनीं शिकवावी असें मुळींच नाहीं. तेथील मोहरमाचे गगनचुंबी ताबूत विख्यात आहेत. कांहीं मुसलमानांचे, कांहीं हिंदूंचे. ते लोकांच्या खांद्यांवरून येऊन एकमेकांस भेटतात, आणि ती भेट पाहण्यास दूरदूरचीं माणसें लोटतात. या सोहळ्यावर ऐक्याचीं भाषणें पुष्कळ होतात, पण एक साधी गोष्ट कोणी बोलत नाहीं. एवढे उंच ताबूत भेटावयाचे, तर वर मोकळें आभाळ आणि खालीं मोकळी जमीन लागते. जें गांव आपला चौक दुकानांस देऊन टाकील, त्या गांवांत दोन समाजांनीं भेटावें कोठें? ऐक्य मनांत असतें हें खरें. पण त्यालाही उभें राहावयास जागा लागते.

एक दिवस जें ताबुतांस हवें, तेंच उरलेले सगळे दिवस माणसांस हवें आहे. भोंवतीं शेतें असतांना बागा कशाला, असें विचारणारे बहुधा पुरुषच असतात. शेत मालकाचें असतें. घरकामांतून अर्धा तास सुटलेली सून, काठी टेकीत चालणारी आजी, एका खोलींत सहा माणसांमध्यें अभ्यास करणारा मुलगा, यांनीं कोणाच्या बांधावर बसावें? पुरुषांस पार आहे, तालीम आहे, चहाचें दुकान आहे. बायकांस देवळाखेरीज बसावयाची जागाच आपण ठेविलेली नाहीं.

दुसरा आक्षेप पाण्याचा. हा मुलूख अवर्षणाचा आहे, हें आम्हांस मान्य. परंतु तो आक्षेप विलायती हिरवळीस व कारंज्यांस लागू पडतो, कडुनिंबास नव्हे. कडेगांव तालुक्यांतच देवराष्ट्राजवळ सागरेश्वर आहे. तेथें ओसाड डोंगरांवर झाडें लावून माणसांनीं वन उभें केलें. 1985 सालीं तें सुमारें 10.87 चौरस किलोमीटरचें अभयारण्य झालें, आणि वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचें नांव त्याशीं कायमचें जोडलें गेलें. डोंगरावर वन जगतें, तर गांवांत चार करंज व दोन वड जगणार नाहींत काय?

मुंबईचें शिवाजी पार्क 1925 सालीं लोकांस खुलें झालें, आणि 1927 सालीं नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्यास शिवछत्रपतींचें नांव मिळालें. त्या सुमारें 28 एकरांचे तेव्हांच भूखंड पाडले असते, तर आज कोट्यवधि रुपये ओतूनही तें मैदान कोणास परत मिळतें ना! बंगळूरला उद्यानासाठीं राखलेली जागा खाजगी शुश्रूषालयास देण्याचा घाट घातला गेला, तेव्हां 1991 सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो बेकायदा ठरविला. इस्पितळासारख्या उपयुक्त कामासाठींही जर उद्यान मोडतां येत नाहीं, तर दुकानांच्या गाळ्यांसाठीं तें मोडण्याची भाषा कोणत्या तोंडानें करावी?

जागा राखल्यावरही अर्धेंच काम होतें. आपल्याकडे बागेचें उद्घाटन होतें, पालन होत नाहीं. कोनशिलेस पैसा असतो, माळ्याच्या पगारास नसतो. समाजमंदिर बांधलें जातें आणि लग्नाच्या भाड्याखेरीज त्याचें कुलूप निघत नाहीं. म्हणून आमची मागणी लहानच आहे. नगरपंचायतीनें आपल्या प्रत्येक मोकळ्या जागेची यादी मोजमापासह दारावर लावावी. बाग बांधण्यापूर्वीं पांच वर्षांच्या माळ्याची, पाण्याची व राखणीची तरतूद करावी. देखरेखीच्या समितींत निम्म्या बायका असाव्यात. आणि समाजमंदिराचा एक दिवाणखाना रोज सायंकाळीं वाचणाऱ्या मुलांसाठीं विनामूल्य उघडा राहावा.

यांत गुलाबाचें नांवही नाहीं, हें व्यवहारचतुरांनीं पाहून घ्यावें. गुलाब मागाहून लावतां येतील. आज प्रश्न आहे तो मातीचा. आणि ती एकदां हातची गेली, कीं मग गटारें कितीही उत्तम बांधलीं, तरी मुलें त्यांवर खेळणार नाहींत.