महाविद्यालयांची मधली फळी

बारावीचा निकाल लागला की नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर येथील महाविद्यालयांच्या कार्यालयांसमोर रांगा लागतात. धडगाव-मोलगीकडून भल्या पहाटे जीपने निघालेली मुले दाखल्यांची पिशवी छातीशी धरून खिडकीपाशी उभी असतात. त्यांतील कित्येकांच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीच्या प्रत्येक कामासाठी पुण्याकडे पाहण्याची खानदेशची गरज संपली. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्यानंतर तालुक्या-तालुक्यांत वरिष्ठ महाविद्यालये उभी राहिली, वसतिगृहे झाली, शिष्यवृत्त्या आल्या. २०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी ज्ञानाची गंगा आली, असे म्हणण्यास आता प्रत्यवाय नसावा.

मात्र त्या रांगेतील किती जण तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडतात, हा प्रश्न कोणत्याही प्राध्यापकाला खासगीत विचारावा. उत्तर देताना त्याचा आवाज खाली जातो. प्रथम वर्षाच्या वर्गात जुलैत दिसणारी डोकी जानेवारीत दिसत नाहीत, हे या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक असलेले आणि कोणीही मोठ्याने न बोललेले सत्य आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. अक्राणी तालुक्यात हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आहे. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर असताना नंदुरबार ६४ टक्क्यांवर, म्हणजे राज्यात सर्वांत शेवटी होते. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणात देशाचे स्थूल नोंदणी प्रमाण २८.४, तर अनुसूचित जमातींचे २१.२ इतके नोंदले गेले. आणि ही नोंदणी आहे. प्रवेश घेऊन मधूनच घरी परतलेला मुलगाही या आकड्यात एकदा मोजला गेलेला असतो.

गळतीची चर्चा निघाली की शासनाच्या तिजोरीकडे बोट दाखवले जाते, संस्थाचालकांच्या नावाने बोटे मोडली जातात, आणि शेवटी ‘मुलांनाच शिकायचे नाही’ असा निर्वाळा देऊन चहा मागवला जातो. शासन आणि विद्यार्थी या दोन टोकांच्या मध्ये जो वर्ग बसलेला आहे, त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. उपप्राचार्य, विभागप्रमुख, राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी, वसतिगृहाचा अधीक्षक, ग्रंथपाल, कार्यालयाचा अधीक्षक अशी ही मधली फळी असते. संस्थेचे अध्यक्ष वर्षातून दोनदा येतात. प्राचार्य बैठका आणि तपासणी समित्यांच्या सरबराईत गुंतलेले असतात. विद्यार्थ्याच्या वाट्याला जे महाविद्यालय येते, ते या मधल्या फळीचे असते. तिची दृष्टी सम असेल तर डोंगरातला मुलगा टिकतो. ती तशी नसेल तर कितीही योजना आल्या तरी त्या खिडकीपाशी अडतात.

एक उदाहरण कागदपत्रांचे. अनुसूचित जमातीचा दाखला आणि त्याची वैधता यांसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो. ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली नाही, ज्यांची जमीन पिढ्यान्‌पिढ्या वनखात्याच्या नोंदीत अडकून पडली, त्या पाड्यावरच्या मुलाने हा पुरावा कोठून आणावा? मार्ग असतो. गाव नमुन्यातील जुनी नोंद, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, नात्यातील कोणाची आधीच झालेली वैधता. पण तो मार्ग सांगणारा माणूस खिडकीच्या आत असावा लागतो. ‘कागद पूर्ण करून आण’ एवढे सांगणारा लिपिक नियमाप्रमाणेच वागत असतो, आणि त्याच्या नियमपालनामुळेच एका मुलाचे वर्ष बुडते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या जनजातीय विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाने २०१६ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना सुरू केली. भोजन, निवास व निर्वाहासाठी थेट खात्यात पैसे जमा करणारी ही चांगली योजना आहे. तिचा अर्ज संगणकावर भरायचा, बँकेचे खाते आधारशी जोडलेले हवे, हजेरीचा दाखला महाविद्यालयाने द्यायचा. ज्या नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, त्याच जिल्ह्यातील विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती नावातील एका अक्षराच्या फरकाने थांबावी, यातील विरोधाभास कोणाच्याही ध्यानात येईल. तो फरक आठवडाभरात दुरुस्त होऊ शकतो, पण कोणीतरी त्याच्याबरोबर बसले पाहिजे.

दुसरे उदाहरण वेळापत्रकाचे. दिवाळीनंतर या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. थोरला मुलगा महाविद्यालयात असला तरी कोयत्याला हात हवा असतो आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांना व गुरांना राखणारे कोणी हवे असते. मुलगी असेल तर विचारायलाच नको. पुढे फाल्गुनात होळी येते. पुण्या-मुंबईच्या वाचकाला होळी ही एका संध्याकाळची गोष्ट वाटते. सातपुड्यात भोंगऱ्या बाजारापासून तिची चाहूल लागते आणि अक्कलकुव्यातील काठीच्या राजवाडी होळीला डोंगर लोटतो. व्रत घेतलेला तरुण त्या दिवसांत गाव सोडत नाही. वर्षभर लांब राहिलेला समाज त्या दिवसांत एकत्र येतो, नाती जुळतात, देवांचे ऋण फेडले जाते. एवढा मोठा हिंदू लोकोत्सव पंचांगात ठळक छापलेला असताना त्याच आठवड्यात अंतर्गत चाचणी ठेवणारा विभागप्रमुख पुढे ‘या मुलांना गांभीर्य नाही’ अशी नोंद करतो, तेव्हा गांभीर्य नेमके कोणाला नाही? चाचणीची तारीख आठ दिवस मागेपुढे करण्यास विद्यापीठाच्या कोणत्याही अध्यादेशाची आवश्यकता नसते. ती विभागप्रमुखाच्या हातातली गोष्ट आहे. कापणीच्या व ऊसतोडीच्या दिवसांत बुडालेल्या तासांची भरपाई उन्हाळ्याच्या तोंडावर करता येते का, हेही त्यानेच ठरवायचे असते.

तिसरी गोष्ट निकालाची. महाविद्यालयात निकालाचा तक्ता लागतो तो विषयवार. उत्तीर्ण इतके, अनुत्तीर्ण इतके. हाच तक्ता तालुक्यानुसार, घरच्या बोलीनुसार, मुलगा-मुलगी यांनुसार मांडला तर काय दिसेल? घरी भिलोरी, पावरी किंवा मावची बोलणाऱ्या मुलाला मराठी ही दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. प्राध्यापकाला मात्र मराठी माध्यमाचा विद्यार्थी म्हणजे मराठी येणारा विद्यार्थी असे वाटत असते. अमेरिकेत सर्वांना दार खुले असलेली ‘कम्युनिटी कॉलेज’ नावाची दोन वर्षांची महाविद्यालये शंभराहून अधिक वर्षे चालू आहेत. तेथे कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांची मुले मोठ्या संख्येने प्रवेश घेतात आणि मोठ्या संख्येने गळतात. तेथील काही अभ्यासकांनी गेल्या पंचवीस वर्षांत एक साधा आग्रह धरला. निकाल गटवार मांडा आणि विद्यार्थ्यात काय कमी आहे हे विचारण्याआधी आपल्या पद्धतीत काय चुकते ते विभागप्रमुखांनी एकत्र बसून शोधावे. पश्चिमेकडून प्रत्येक गोष्ट उचलण्याची हौस आपल्याकडे आहेच, तेव्हा ही एक उपयोगाची गोष्ट उचलण्यास हरकत नाही. अन्यथा समदर्शी हा शब्द गीता वाचणाऱ्यांना नवा नाही. तो वर्गाच्या हजेरीपटापर्यंत आलेला नाही, एवढेच.

या विषमतेची मुळे केवळ महाविद्यालयात नाहीत. तापीकाठच्या सुपीक काळ्या जमिनीचा मालक आणि त्या जमिनीवर राबणारा भिल्ल मजूर यांच्यातील दुरावा १९७१-७२ च्या सुमारास शहाद्यात उघड संघर्षाच्या रूपाने बाहेर आला. अंबरसिंग महाराजांसारखा सर्वोदयी वळणाचा, भजन गाणारा कार्यकर्ता त्या लढ्याच्या अग्रभागी होता आणि अकाली गेला. पुढे त्या असंतोषाला डाव्या विचारांची मंडळी येऊन मिळाली, हाही इतिहास आहे. त्याच परिसरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पूज्य साने गुरुजींच्या नावाने शिक्षणसंस्थाही उभी राहिली. ज्या समाजघटकांत काल मालक-मजुराचे नाते होते, त्यांची मुले आज वर्गात प्राध्यापक आणि विद्यार्थी म्हणून समोरासमोर आहेत. हे परिवर्तन मोठे आहे. पण जुने नाते संबोधनात शिल्लक राहते. खिडकीतून ‘ए, काय पाहिजे रे तुला?’ असा प्रश्न कोणाला येतो आणि ‘बसा, बसा’ कोणाला म्हटले जाते, हे एक दिवस उभे राहून पाहण्यासारखे आहे. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३७-३८ मध्ये आपल्या अनुयायांना दारू सोडायला लावली आणि परस्परांना ‘आप’ म्हणायला शिकवले. निरक्षर मानल्या गेलेल्या भिल्ल समाजाने जे तेव्हा आत्मसात केले, ते पदव्युत्तर मंडळींना शिकवावे लागावे काय?

मधली फळी आज तयार कशी होते? बहुधा ज्येष्ठतेने, कधी संस्थाचालकांच्या नात्याने. विभागप्रमुखपद हा सेवापुस्तकातील एक टप्पा मानला जातो. उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग पदोन्नतीसाठी आवश्यक असतात, पण त्यांत विषयज्ञानाची उजळणी होते, वागणुकीची नाही. गुणवत्ता हमी कक्षाचा समन्वयक मूल्यांकन समितीसाठी फायली रंगवण्यात वर्ष घालवतो. त्या फायलींत ‘मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उपक्रम’ या मथळ्याखाली छायाचित्रे असतात. छायाचित्रातील मुलगा पुढच्या वर्षी वर्गात होता का, हे समिती विचारत नाही. भरीला अनेक जागा रिक्त राहतात आणि तासिका तत्त्वावरील तरुण प्राध्यापक तुटपुंज्या मानधनावर वर्ग ओढतात. त्यांतील काही याच मातीतले, याच बोली बोलणारे आहेत. विद्यार्थी अडचण घेऊन त्यांच्याकडेच जातो, आणि निर्णयाच्या बैठकीत नेमकी त्यांनाच खुर्ची नसते.

महाराष्ट्रात हे काम कधी झालेच नाही, असे मात्र नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. एका पंगतीत जेवलेल्या मुलांतूनच त्यांनी संस्थेचे शिक्षक, अधीक्षक आणि आजीव सेवक घडवले. त्याच वसतिगृहात वाढलेले बॅ. पी. जी. पाटील पुढे प्राचार्य झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. कर्मवीरांनी इमारतीआधी माणसांची साखळी उभी केली. नंदुरबारमध्ये इमारती आधी झाल्या. साखळी अजून व्हायची आहे.

संघटनेच्या कामाची सवय असलेल्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. शाखा चालते ती मुख्यशिक्षकाच्या आणि गटनायकाच्या बळावर. न आलेल्या स्वयंसेवकाच्या घरी त्याच संध्याकाळी जाणारा गटनायक नसेल तर वरच्या अधिकाऱ्याच्या प्रवासाने काही साधत नाही. बाळासाहेब देशपांडे यांनी १९५२ मध्ये जशपूरला वनवासी कल्याण आश्रमाचे काम सुरू केले तेही मुलांना सोबत ठेवून. नंदुरबारला डॉ. हेडगेवार सेवा समितीचे कृषी विज्ञान केंद्र वनवासी शेतकऱ्याच्या बांधावर पोचते. शेजारच्या साक्री तालुक्यातील बारीपाड्यात चैत्राम पवार या उच्चशिक्षित तरुणाने नोकरीमागे न जाता गाव आणि जंगल राखले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मग जे बांधावर आणि जंगलात साधले, ते महाविद्यालयाच्या आवारात का साधू नये? विद्यार्थी परिषदेत वाढलेले, शिक्षक संघटनांत काम करणारे कितीतरी प्राध्यापक आज खानदेशात विभागप्रमुख आणि उपप्राचार्य आहेत. वेतनश्रेणीच्या निवेदनांवर त्यांच्या सह्या तत्परतेने होतात. प्रथम वर्षातून गळालेल्या मुलांची यादी त्यांच्यापैकी किती जणांच्या टेबलावर आहे?

हा प्रश्न टाळण्याची किंमत समाज मोजतो. अपमानित होऊन गावी परतलेला अर्धशिक्षित तरुण आपल्या पाड्यावर पुन्हा रुळत नाही आणि शहरालाही नको असतो. वनवासी हा हिंदू समाजाचा भागच नव्हे, असे सांगत फिरणाऱ्यांना आणि सेवेच्या मोबदल्यात श्रद्धा मागणाऱ्यांना तो आयता सापडतो. त्यांच्यावर टीका करणे सोपे आहे. पण त्या तरुणाला आधी दाराबाहेर घालवले कोणी, याचे उत्तर त्यांच्याकडे मागता येत नाही.

आरंभ कोठून करावा, याला फार मोठ्या निधीची गरज नाही. विद्यापीठाने आणि संस्थांनी नव्याने नेमल्या जाणाऱ्या प्रत्येक विभागप्रमुखाला व अधीक्षकाला पहिल्या वर्षी चार दिवस अक्राणी किंवा अक्कलकुवा तालुक्यातील एखाद्या पाड्यावर, विद्यार्थ्याच्याच घरी मुक्कामाला पाठवावे. नंदुरबार आणि तळोदा येथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये आहेत. तेथील एक जाणता कर्मचारी प्रवेशाच्या पंधरवड्यात प्रत्येक मोठ्या महाविद्यालयात बसवावा. तासिका तत्त्वावरील स्थानिक बोलीच्या प्राध्यापकांना विद्यार्थी-पालक म्हणून अधिकाराने नेमावे, त्या कामाचे मानधन द्यावे आणि कायम जागा भरताना तो अनुभव गणला जावा. उपप्राचार्यांच्या मूल्यमापनात एकच आकडा ठेवावा. जुलैत वर्गात असलेल्यांपैकी मार्चमध्ये किती उरले, आणि ते कोणत्या तालुक्यांतील होते. कार्यकर्त्या कुटुंबांनीही आपापल्या गावी परीक्षेच्या काळात डोंगरातल्या एका-दोन मुलांना घरी ठेवून घ्यावे. मुलींना तर याची विशेष गरज आहे, कारण शेवटची जीप गेल्यावर त्यांच्यासाठी गावात दुसरी जागा नसते. पुढील शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरवण्याच्या बैठका आता महिन्या-दोन महिन्यांत होतील. त्या बैठकांत काठीच्या होळीची तारीख फळ्यावर सर्वांत आधी कोण लिहितो, ते पाहायचे.