विकलेली जागा

नरक चतुर्दशीच्या पहाटे आमच्या कोकणात अभ्यंगस्नान झाले की तुळशीपाशी अंगठ्याने कारीट फोडतात आणि त्याचा कडू थेंब जिभेला लावतात. फराळाचे ताट त्यानंतर. तेव्हा दिवाळी अंकाच्या या ताटात मी थोडे कडू वाढले, तर वाचकांनी रागावू नये. कडू आधी आणि गोड मागून, हा क्रम आपल्या पूर्वजांनीच घालून दिला आहे.

आमचे शिरढोण मुंबई-गोवा रस्त्यावरचे गाव. आजवर आमच्या कानांना सवय होती ती एस. टी.च्या भोंग्याची. २०२५ च्या २५ डिसेंबरपासून पनवेलजवळच्या नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली, आणि माझ्या वर्गातली मुले फळ्याकडे पाहायचे सोडून खिडकीकडे पाहू लागली. त्यांना मी दोष देत नाही. विमान हे आता केवळ शेठसावकारांचे वाहन राहिलेले नाही. लेक दूर दिली आहे, मुलगा दूर नोकरीला आहे, म्हाताऱ्या माणसाला दोन दिवसांचा प्रवास झेपत नाही. मग मास्तरसुद्धा पैपैसा जमवून विमानाचे तिकीट काढतो. म्हणूनच ही तक्रार आता चार श्रीमंतांची नव्हे, घराघरातली आहे.

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन मी बहिणीकडे नागपूरला निघालो. आईचे वय सत्तरीपुढचे, उजवा गुडघा वाकत नाही. म्हणून तिकिटाच्या पैशांवर आणखी पैसे मोजून पुढच्या बाजूची, वाटेलगतची जागा तिच्यासाठी आणि शेजारची माझ्यासाठी, अशा दोन जागा मी क्रमांक पाहून घेतल्या. विमानतळावर गेल्यावर कळले की विमान बदलले आहे. ठरलेले मोठे होते, आलेले लहान. आईला मागच्या बाजूला, दोन अनोळखी माणसांच्या मधली जागा; मला तिच्यापासून पंधरा ओळी पुढे. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. एका कंपनीचे नाव घेतले की बाकीच्या सोवळ्यात राहतात.

आमच्यासारखी तीसचाळीस माणसे त्या खिडकीपुढे जमली. एकजण इंग्रजीत ओरडत होता, एकजण मोबाईलवर चित्रण करीत होता, एक बाई तान्हे मूल पुढे करून विनवीत होत्या, आणि बाकीचे 'चालायचेच' म्हणून गप्प उभे होते. मी कोणत्या गटात होतो? सांगायला लाज वाटते, पण सांगितलेच पाहिजे. मी ओरडणाऱ्यांत होतो. खिडकीमागची मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. माझ्या वर्गातून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलींसारखी. मी तिला बोलू नये ते बोललो. तिचे डोळे भरून आले. तेव्हा आईने माझी बाही ओढली.

"अरे, तिच्यावर कशाला ओरडतोस? ती पोर काय विमान घरून घेऊन आली?"

पुढे एका तरुणाने आपली वाटेलगतची जागा आईला दिली आणि स्वतः मधे बसला. त्याचे भले होवो. पण ती जागा त्याने दिली. ज्यांनी पैसे घेतले त्यांनी नाही. जागेचे पैसे परत मागणारा अर्ज मी केला. उत्तर आले की शर्तींप्रमाणे विचार केला जाईल. तो विचार अजून चालू आहे.

आता न्यायाची गोष्ट न्यायाने बोलू. विमाने बदलू नका, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. यंत्रात दोष दिसला तर ते विमान जमिनीवरच राहिले पाहिजे. एका परदेशी बनावटीच्या इंजिनांतील दोषांमुळे अलीकडच्या वर्षांत आपल्या देशातली कितीतरी विमाने उभी राहिली. 'गो फर्स्ट' ही कंपनी तर तेच कारण सांगून मे २०२३ मध्ये बंद पडली. शिवाय सगळी विमाने एका मापाची नसतात. आपल्याकडे ज्या एअरबस विमानांतून आपण सर्रास जातो, त्यांपैकी ३२१ जातीच्या विमानात २२२ किंवा २३२ खुर्च्या बसवता येतात आणि ३२० जातीच्या विमानात १८० किंवा १८६. मोठ्याच्या जागी लहान आले की हिशेब चुकणारच. बदली गाडी हा शब्द आम्हा रस्त्यावरच्या गावकऱ्यांना परका नाही. घाटात गाडी बंद पडली की मागच्या गाडीत उभ्याने जाणारे आम्हीच.

पण एक फरक आहे, आणि माझे सारे भांडण त्या फरकाशी आहे. विमानाच्या तिकिटाच्या शर्तींत कंपनी तुम्हाला पोचवण्याचे कबूल करते आणि विमान बदलण्याचा हक्क आपल्याकडे ठेवते. कागदी तिकिटे होती त्या काळीही ही शर्त त्यांवर छापलेली असे. ठीक आहे. मग पोचवण्याचेच पैसे घ्या! खिडकीचे वेगळे, वाटेचे वेगळे, पाय लांब करण्याचे वेगळे, असे पैसे घेताना क्रमांक पक्का असतो, आणि देताना मात्र तो अंदाज होतो. हा कुठला व्यापार? आंब्याची पेटी हापूस म्हणून विकायची, आत पायरी भरायची, आणि गिऱ्हाइकाने विचारले तर 'आंबेच दिले ना?' म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार.

सरकारने काहीच केले नाही, असेही नाही. १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे की प्रवाशाला त्याच्या मर्जीविरुद्ध खालच्या वर्गात बसवले, तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम करासह परत द्यायची. परदेश प्रवासात अंतर पाहून ३०, ५० किंवा ७५ टक्के. उत्तम नियम. पण तो वर्गाचा आहे, जागेचा नाही. एप्रिल २०२४ मध्ये परिपत्रक निघाले की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईबापांपैकी एकाच्या तरी शेजारी बसवावे. तेही उत्तम. पण त्या परिपत्रकात बारा वर्षांच्या मुलाचे नाव होते. सत्तर वर्षांच्या आईचे नव्हते.

आणि आपण प्रवासी? आपलेही कारीट फोडले पाहिजे. २३ मार्च २०१७ चा प्रसंग आठवा. तेव्हाचे उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड पुण्याहून दिल्लीला गेले. तिकीट वरच्या वर्गाचे, आणि त्या विमानात तो वर्गच नव्हता. तक्रार रास्त होती की नव्हती, यावर वाद करता आला असता. पण दिल्लीत उतरण्याच्या वेळी त्यांनी एका वयस्क कर्मचाऱ्याला चपलेने मारले, आणि किती वेळा तेही स्वतःच जगाला सांगितले. त्या क्षणी तक्रार मेली आणि चप्पल तेवढी उरली. विमान कंपन्यांनी त्यांना बंदी घातली. खेदाचे पत्र दिल्यावर एप्रिलमध्ये ती उठली. त्याच वर्षी सप्टेंबरात बेशिस्त प्रवाशांसाठी नियम आले. खुर्च्यांचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला.

मी त्यांना हसत नाही. हातात चप्पल नसली तरी त्या खिडकीपुढे माझ्या जिभेवर तीच होती.

मोठ्यांचे नाव लहान कामात घेऊ नये, हे मला कळते. पण ज्या गावात वासुदेव बळवंत फडके १८४५ साली जन्मले, त्या गावातल्या मास्तराला त्यांची आठवण होणारच. आई अंथरुणाला खिळलेली आणि कचेरीतून रजा मिळेना. त्यांना तिचे शेवटचे दर्शन झाले नाही. तो संताप त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या कारकुनावर काढला नाही. अन्याय कोणाच्या हुकमाने होतो, हे त्यांनी वरपर्यंत पाहिले. आपल्याला बंड करायचे नाही. एक अर्ज करायचा आहे. पण दिशा तीच हवी.

म्हणून माझे मागणे साधे आहे. विकलेला क्रमांक देता आला नाही, तर त्याचे पैसे न मागता, त्याच दिवशी परत करा. विमान बदलले की आधी म्हातारी माणसे आणि लेकुरवाळी कुटुंबे एकत्र बसवा, मग बाकीची मांडणी करा. बदल झाल्याबरोबर प्रवाशाला त्याच्या भाषेत कळवा. आणि खिडकीमागच्या मुलीला पैसे परत देण्याचा अधिकार द्या. नुसत्या शिव्या खाण्याची नोकरी देऊ नका.

प्रवाशांनी तिकीट आणि पावती जपून ठेवावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर शुल्कही लागत नाही. आमचा आयोग अलिबागेला आहे. दिवाळीची सुट्टी संपली की मी तिकडे जाणार आहे. एस. टी.ने.

आईला हे सांगितले तेव्हा ती करंज्यांच्या कडा दुमडीत होती. म्हणाली, "जा. आणि तिथल्या कारकुनावर ओरडू नकोस."