गोठ्यातला ताप आणि बाटलीतल्या पेशी

2022 साली लम्पी आली तेव्हा जनावरांचे बाजार बंद पडले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले आणि सरकार लसीसाठी धावले. ते योग्यच झाले. पण गाजावाजा न करता गोठ्यातली गाय नेणारा एक जुना आजार आहे, गोचीड ताप. शास्त्रज्ञ त्याला थायलेरियासिस म्हणतात.

बीड-लातूरकडची देवणी आणि लाल कंधारी गुरे पिढ्यान् पिढ्या गोचिडांच्या सहवासात राहिली. ती या तापाला बऱ्यापैकी पुरून उरतात. दुधासाठी आणलेल्या संकरित होल्स्टिन, जर्सी गाईजवळ मात्र ती शिदोरी नाही. कर्ज काढून घेतलेली अशी गाय खांद्याजवळची गाठ सुजून तापाने फणफणते. औषध आहे, पण ते वेळेवर मिळाले तर!

हा जंतू मोठा कावेबाज. गोचिडाच्या लाळेतून तो गाईच्या शरीरात शिरतो आणि गाठतो कोणाला, तर रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच. त्यांना तो मारीत नाही. अखंड वाढत राहायला लावतो. पहारेकरीच फितूर! एरवी गाईच्या या पेशी शरीराबाहेर फार काळ तग धरीत नाहीत. थायलेरियाने पछाडलेल्या पेशी मात्र प्रयोगशाळेतल्या बाटलीत वर्षानुवर्षे वाढतात. औषधाने जंतू मारला की त्यांची वाढही थांबते. संशोधकांना गाईच्या रोगप्रतिकारक पेशींची आयती ‘सेल लाइन’ मिळाली ती अशी, शत्रूच्या कृपेने.

पुढचा शोध अधिक मोलाचा. या पेशी दीर्घकाळ वाढवीत नेल्या की आतला जंतू आपला मारकपणा गमावतो. मग त्याच पेशी लस म्हणून टोचता येतात. हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने ‘रक्षावॅक-टी’ ही लस याच मार्गाने बाजारात आणली.

अडचण आहे ती वाहतुकीची. लस जिवंत पेशींची, म्हणून ती उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनात ठेवावी लागते. दवाखान्यातला फ्रीज तिथे कुचकामी. पण कृत्रिम रेतनाच्या कांड्या याच नायट्रोजनच्या टाकीतून खेडोपाडी जातातच ना? संकरित वासरू जन्माला घालण्यासाठी टाकी आष्टी-पाटोद्याच्या वाडीवर पोचते, तर ते जगवण्याची कुपी तिच्यातून का जाऊ नये, हे पशुसंवर्धन खात्याला विचारायला हवे. दिवाळीच्या सुमारास निम्मे गाव ऊसतोडीला निघते आणि दावणीची गाय म्हाताऱ्यांच्या भरवशावर राहते. त्याआधीच विचारलेले बरे.