ती सायकल भंगारात घालू नका

घट बसायला पंधरा दिवस राहिले की नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, घरोघरी साफसफाई निघते. गोधड्या धुवायला जातात, माळे रिकामे होतात, गोठ्याच्या वळचणीला वर्षानुवर्षं टेकवून ठेवलेलं सामान अंगणात येतं. भंगारवाल्याची हातगाडी नेमकी याच दिवसांत गल्लीत फिरते. तिच्यावर पत्र्याचे डबे असतात, मोडका पंखा असतो, आणि बरेचदा सगळ्यांच्या वर आडवी टाकलेली काळी सायकल असते. टायर कुजलेले, सीट उंदरांनी कुरतडलेलं, घंटी गायब. पण फ्रेम सरळ, पुढचा चिमटा सरळ. वीसेक किलो लोखंडाचे पाच-सहाशे रुपये हातावर पडतात आणि आजोबांची गाडी वितळायला निघून जाते.

यंदा ती जाऊ देऊ नका. तुमच्या घरात अशी सायकल असेल तर ठेवा. नसेल आणि भंगारवाल्याच्या गाडीवर दिसली, तर त्याला दोनशे रुपये जास्त देऊन सोडवून आणा. इतक्या कमी पैशांत इतकं अस्सल यंत्र हाती लागण्याचे दिवस फार उरलेले नाहीत, आणि ते पुन्हा रस्त्यावर आणणारे हातही फार उरलेले नाहीत.

कुठली सायकल, हे आधी सांगतो. बावीस किंवा चोवीस इंची उंच फ्रेम, मधे आडवी दांडी, तारेऐवजी सळयांचे ब्रेक, अख्खी चेन झाकणारं चेनकव्हर, मागं दणकट कॅरिअर, आणि २८ बाय दीड इंची चाकं. पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०, कारण ओझं मागं असतं. शाळकरी पोरांनी दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत जी शिकली, ती ही सायकल. वडिलांची गाडी घेऊन शेताच्या कडेला गुपचूप शिकलेल्या मुलीही जिल्ह्यात कमी नाहीत. आज त्या आज्या झाल्या आहेत, त्यांना विचारा.

हा जिल्हा या सायकलीवर चालला, असं मी म्हणतो तेव्हा त्यात अतिशयोक्ती नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं आणि प्रवरेच्या कालव्यांखाली ऊस उभा राहिला. कालव्याच्या भरावावरून पाळीपाळीचं पाणी सोडत जाणारा पाटकरी सायकलवर. हरेगाव, टिळकनगरच्या खासगी साखर कारखान्यांच्या मागोमाग १९५० साली लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना निघाला. फडाफडांतून फिरून उसाच्या नोंदी घेणारा, तोडीची चिठ्ठी पोचवणारा चिटबॉय सायकलवर. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवून पहाटे संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी गाठणारा गवळी सायकलवर, आणि पारनेर-पाथर्डीकडच्या कोरड्या माळांवरच्या एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर जाणारा पोस्टमन आणि प्राथमिक शिक्षकही सायकलवरच. लग्नात जावयाला घड्याळ आणि सायकल मिळाली की मांडवात चर्चा व्हायची. सहकाराचा इतिहास लिहिताना आपण चेअरमन लिहिले, धरणं लिहिली, गाळपाचे आकडे लिहिले. त्या इतिहासाची चाकं मात्र किलोच्या भावानं विकतो आहोत. मला हे सहन होत नाही.

मराठी उद्योगाचा तर आरंभच सायकलीच्या दुकानातून आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात भावाबरोबर धंदा मांडला तो सायकली विकण्याचा. लोखंडी नांगर आणि किर्लोस्करवाडी हे नंतरचं. तेव्हा सायकली विलायतेहून येत. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बीएसए आणि हर्क्युलिस, शिवाय हंबर, रज, फिलिप्स. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना निघाला. आज तिथं हिंद सायकल मार्ग आहे, कारखाना नाही. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टीआय सायकल्स सुरू झाली आणि हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स इथंच बनू लागल्या. आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला १९५१ पासून अॅटलस, लुधियान्याला हीरो. यातल्या अॅटलसचं शेवटचं टाळं आठवतंय ना? साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो जागतिक सायकल दिन होता.

तेव्हा घाई कशाची, या प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. युरोपात जुनी सायकल नीट करणाऱ्याला एकेका सुट्या भागासाठी देश पालथा घालावा लागतो. आपल्याकडे २८ बाय दीडचा टायर अजून तालुक्याच्या दुकानात मिळतो. ट्यूब, आरे, ब्रेकचे रबर, कॉटर, छर्रे, कप, कोन, फ्रीव्हील, सगळं मिळतं, कारण याच मापाची काळी सायकल आपल्याकडे अजून बनते. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या विलायती गाडीलासुद्धा त्यातलं बरंच काही चपखल बसतं. ही मोठीच सोय आहे. पण दर वर्षी दुकानदार त्या मापाचा माल कमी भरतो, कारण गिऱ्हाईक मागत नाही. आपण मागितला तरच तो राहील.

दुसरं कारण माणसांचं आहे. नगर शहरात माळीवाड्यापासून भिंगारपर्यंत, आणि जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावात, टपरीत बसणारे सायकल मिस्त्री आता सत्तरीच्या पुढे गेले आहेत. चाक स्टँडला लावून, अंगठ्याच्या नखाजवळून फिरवत, नुसत्या डोळ्यांनी आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढणारा हा माणूस. कुठला आरा अर्धा फेरा आवळायचा आणि समोरचा कुठला ढिला करायचा हे त्याच्या बोटांत आहे. त्याची मुलं मोबाइलच्या दुकानात किंवा सुप्याच्या एमआयडीसीत गेली, यात त्यांचं काही चुकलं नाही. पण ही विद्या कोणी शेजारी बसून घेतली नाही तर ती त्याच्याबरोबर जाईल. पुस्तक वाचून आऊट काढता येत नाही.

आता काम कसं करायचं ते सांगतो, कारण नुसत्या हळहळीनं एकही सायकल वाचत नाही.

गाडी घेण्याआधी फ्रेम बघा. हँडलखालच्या नळीपासून एक दोरा मागच्या चाकाच्या एका कानापर्यंत ताणा, तसाच दुसऱ्या बाजूनं न्या. सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं भरलं तर फ्रेम सरळ आहे. सांध्यांवर केसासारखी चीर असेल तर ती गाडी चालवायला घेऊ नका. तिचे सुटे भाग दुसरीच्या कामी येतील. मग ओळख पटवा. पुढच्या नळीवरचा बिल्ला गेला असला तरी दातेरी चक्र बोलतं. बीएसएच्या चक्रात तीन अक्षरं कापलेली असतात, रॅलेच्या चक्रात बगळ्याची तोंडं, रजच्या चक्रात हाताचा पंजा, हंबरच्या चक्रात माणसांची रांग. बीएसए मुळात बंदुका बनवणारी कंपनी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवलेल्या तीन रायफली असतात. मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर असं नाव दिसलं तर तुमच्या हातात बहुधा तीन गिअरची गाडी आहे. त्या हबच्या पत्र्यावर बनावटीच्या वर्षाचे आकडे ठोकलेले असतात. ५६ असेल तर १९५६. घासून बघा, आणि वर्ष सापडलं की घरातल्या थोरांना विचारा त्या वर्षी घरात काय झालं होतं.

खोलताना घाई करू नका. पायडलच्या दांड्याची कॉटर हा सगळ्यात हट्टी भाग. तिच्यावर आदल्या रात्री तेल सोडा. नट पूर्ण काढू नका, आट्यांच्या टोकाशी बरोबरीत ठेवा, खालून लोखंडी पाइपचा आधार द्या आणि मग एकच नेमका घाव. आधाराशिवाय ठोकलं तर मार छर्र्यांवर बसतो आणि कप फुटतो. आतले छर्रे डिझेलमध्ये धुवा. झिजलेले असतील तर सगळेच बदला, थोडे जुने थोडे नवे असं करू नका. मधल्या एक्सलला पाव इंची छर्रे, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. नवं ग्रीस भरा. हँडल आणि रिमवरचा गंज चांदीच्या कागदाचा, म्हणजे अॅल्युमिनियम फॉइलचा, बोळा पाण्यात बुडवून घासला तर आश्चर्य वाटावं इतका निघतो. चामड्याच्या सीटला इंजिन ऑइल कधीही लावू नका. ते चामडं सैल पाडतं. चामड्याचं मलम थोडंसं, खालच्या बाजूनं.

आणि रंग. हात जोडून सांगतो, फ्रेमवर नवा रंग मारू नका. मूळ काळ्या रंगावर सोनेरी रेघा असतात. त्या काळच्या कारागिरानं त्या ब्रशनं हातानं ओढलेल्या असू शकतात. दांडीवर कुठं मालकाचं नाव पेंटरनं लिहिलेलं असतं, कुठं नगरपालिकेच्या सायकल-कराचा बिल्ला लटकलेला असतो. हे सगळं साबणाच्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, वरून मेणाचं पॉलिश द्या, आणि थांबा. खरवडलेली फ्रेम पुन्हा तशी होत नाही. सायकल सोनेरी रंगवून हॉटेलच्या दारात कुंड्या अडकवायला उभी करणं, चाकांचे आरशाचे गोल करणं, हे मला वाचवणं वाटत नाही. सायकल चालली पाहिजे.

खर्चाचं भय बाळगू नका. टायर-ट्यूब, छर्रे, चेन, ब्रेक रबर आणि मिस्त्रीची मजुरी धरून साधी भारतीय काळी गाडी बऱ्या स्मार्टफोनच्या एका लहानशा भागात रस्त्यावर येते. मोबाइलवर कोणी जुन्या बीएसएला लाख रुपये सांगतो ते ऐकून हुरळूही नका आणि घाबरूही नका. घरची, गावची, साधी अॅटलस किंवा हर्क्युलिस घ्या. मला तर तीच जास्त मोलाची वाटते, कारण पाटकऱ्याकडे आणि गवळ्याकडे तीच होती.

पुण्यात विक्रम पेंडसे यांनी हे करून दाखवलं आहे. महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनलेली बीएसएची घडीची सायकल त्यांना मिळाली, तिथून छंद वाढत गेला आणि २०१७ मध्ये कर्वेनगरला त्यांचं सायकल संग्रहालय लोकांसाठी उघडलं. शंभरांहून जास्त सायकली तिथं आहेत. इटलीतल्या गायोले गावात १९९७ पासून लेरोइका भरते. १९८७ च्या आधीच्या सायकली घेऊन जगभरचे लोक तिथल्या कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवर उतरतात, आणि ते कच्चे रस्ते टिकावेत हाच त्या उपक्रमाचा मूळ हेतू होता. आपल्याकडे चांदबिबी महालाचा चढ आहे, डोंगरगणचा रस्ता आहे, प्रवरेच्या कालव्याच्या कडेकडेची वाट आहे. या गाड्या असल्या रस्त्यांसाठीच बनल्या होत्या.

नगरला १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. देशभरातून लोक ते बघायला येतात आणि आपल्याला त्याचा सार्थ अभिमान आहे. शहरातलं ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय नाणी आणि हस्तलिखितं जपतं. या जिल्ह्यात जतन काय असतं हे लोकांना शिकवावं लागत नाही. तर माझी मागणी साधी आहे. त्या वस्तुसंग्रहालयात, नाहीतर जिल्हा परिषदेच्या एखाद्या रिकाम्या दालनात, दहा सायकली मावतील एवढी जागा द्या: एक पोस्टमनची, एक चिटबॉयची, एक गवळ्याची किटल्यांसकट, एक शिक्षकाची. शेजारी पाटी असू द्या, कोणाची, कुठल्या गावची, कुठल्या साली घेतलेली. साखर कारखान्यांनी आपापल्या स्टोअरमध्ये पडलेल्या जुन्या सायकली लिलावात काढण्याआधी एकेक तरी बाजूला ठेवावी. आणि शाळांनी ऐकावं असं एक आहे. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत, गावातल्या कारागिरांकडून काम शिकण्यासाठी. त्यातले दोन दिवस सायकल मिस्त्रीला द्या. त्याला वर्गात बोलवा, खुर्ची द्या, मानधन द्या, आणि पोरांना एक जुनं चाक खोलून पुन्हा बांधू द्या.

घरी मात्र वाट बघू नका. या वर्षी घटस्थापनेआधी सायकल बाहेर काढा आणि नऊ दिवसांत तिला उभी करा. खंडेनवमीला नांगर, मोटारसायकल, ट्रॅक्टर यांच्या रांगेत तीही झेंडूची माळ घालून असू द्या. दसऱ्याला सोनं द्यायला तिच्यावरूनच जा, म्हणजे गल्लीतला दुसरा कोणीतरी आपल्या माळ्यावर चढेल. चालवणारे चार जण झाले की रविवारी सकाळी एकत्र निघा. कोणाला सुटा भाग हवा असेल, कोणाकडे जास्तीचा पडलेला असेल, तर विकत बसू नका, देऊन टाका.

आणि मिस्त्रीशी मजुरीवरून घासाघीस करू नका. आऊट काढायचे तो आजही चहा-नाश्त्याइतके पैसे सांगतो. मागेल त्याच्या दुप्पट द्या, शेजारी पाट टाकून बसा, आणि तो काय करतो ते त्याच्या परवानगीनं मोबाइलवर उतरवून ठेवा. शक्य असेल तर बारा-चौदा वर्षांचं घरातलं एक पोरगं किंवा पोरगी बरोबर न्या, आणि पुढचं चाक तिला आवळू द्या.